शेवटना झाडले पानी

आमच्या फ्लॅटच्या दाराशी चपलांचा रॅक आहे आणि रॅकला खेटून एक निळं प्लास्टिकचं स्टूल. बूट घालताना बसायला म्हणून ते आणलं होतं. यंदाच्या उन्हाळ्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं, की संध्याकाळचे सात वाजले की बापू, म्हणजे माझे सासरे, त्या स्टुलावर जाऊन बसतात. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पंचा, आणि आवाज असा की सुरतेत आज भेंडी काय भावाने मिळाली ते खालच्या मजल्यालाही कळावं.

सुरतेला माझी नणंद असते. खान्देशातल्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी सुरतेला असतंच, त्यामुळे यात विशेष काही नाही. विशेष होतं ते स्टूल. बापूंना स्वतःची खोली आहे, घरातली सगळ्यात मोठी. पलंग आहे, खिडकी आहे, खिडकीतून शेजारच्या प्लॉटमधला कडुनिंब दिसतो. तिथून उठून हा माणूस चपलांच्या वासात जाऊन का बसतो, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. म्हटलं, वारा येत असेल दारातून.

मग आखाजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. दिवाळीला एकवेळ नाही आली तर चालेल, आखाजीला लेक आली नाही तर म्हाताऱ्यांना सण झाला असं वाटत नाही. यंदा नणंदेला येता आलं नाही. इकडे सासूबाईंच्या नावाची घागर भरून झाली, खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला, आणि दुपारी बापू आपल्या खोलीत फोन घेऊन बसले. तिकडे नातीने सोसायटीच्या पार्किंगमध्ये झोका बांधून घेतला होता, तो आजोबांना दाखवायचा होता. झोका मागे गेला आणि तिथेच थांबला. पोरगी हवेत, फ्रॉक उडालेला, तोंड उघडं. पडद्यावर एक गोल चक्र फिरत राहिलं. बापू मिनिटभर त्या थिजलेल्या झोक्याकडे बघत बसले, मग उठले, आणि फोन तसाच हातात धरून पॅसेजमधून, हॉलमधून, पाहुण्यांमधून वाट काढत त्या निळ्या स्टुलाकडे गेले. तिथे पोहोचताच झोका पुढे आला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रात्री विचारलं, "बापू, तुमच्या खोलीत रेंज नसते का?"

"आठे बरं चालस," ते म्हणाले. आठे म्हणजे इथे, स्टुलावर. "आनि सात वाजता तुनी मिटिंग ऱ्हास ना बेटा."

हे दुसरं वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते, आणि सातला आमची रोजची मीटिंग असते. महिन्याभरापूर्वी दोन-तीनदा असं झालं, की बापूंचा व्हिडिओ कॉल सुरू असताना माझी मीटिंग अडखळली. मी दारातून डोकं काढून म्हटलं होतं, "बापू, माझं होऊ द्या, मग लावा ना फोन." हसतच म्हटलं होतं. ते काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःच घरभर फिरून, कुठून फोन लावला की सूनबाईची मीटिंग तुटत नाही ती जागा शोधून काढली. ती जागा चपलांच्या रॅकशेजारी निघाली.

आता यातली गंमत, किंवा मला लाज आणणारी गोष्ट म्हणा, मला नंतर वाचताना कळली. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे गप्प राहून आपली पाळी बघतात. जो राउटरजवळ आहे तो आपलं म्हणणं झटकन सांगून मोकळा होतो. जो लांब आहे, त्याला सावकाश, एकेक शब्द तोडून बोलावं लागतं. राउटरला ऐकू गेलं नाही तर तेच पुन्हा. तेवढा वेळ बाकी सगळे खोळंबलेले. म्हणजे बापू कॉल लावत होते म्हणून माझी मीटिंग तुटत नव्हती. बापूंच्या खोलीत रेंज पोहोचत नव्हती म्हणून ती तुटत होती. आणि मी माणसालाच बाजूला हो म्हटलं.

माझ्या नवऱ्याचा उपाय सोपा होता. त्याने फोन काढला आणि दोन मिनिटांत शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा केला. हॉलमध्ये स्पीड मोजला, १९० आला. बापूंच्या पलंगावर बसून मोजला, ४. आधीही तिथे चारच होता. तरी त्याचं म्हणणं, मग सहा अँटेनाचा मोठा राउटर आणू. जाहिरातीत तो कोळ्यासारखा दिसतो, उलटा पडलेला. मी म्हटलं, आठवडाभर थांब.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, वीसेक वर्षांपूर्वीचा. आत आलं की हॉल, हॉलला पुढे बाल्कनी. हॉलमधून पॅसेज निघतो. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला बाथरूम, मग माझी कामाची लहान खोली आणि सगळ्यात शेवटी बापूंची. फायबरची तार बाल्कनीतून आली, म्हणून जोडणी करायला आलेल्या पोराने बाल्कनीच्या दाराजवळच्या कोपऱ्यात टीव्हीशेजारी डबा ठोकला. दहा मिनिटांत गेला. त्याचंही बरोबर, त्याला दिवसाला किती घरं करायची असतात. पण आम्हीही विचारलं नाही, की दादा, घराच्या एका टोकाला का लावतोस? हॉलमध्ये चाललं, टीव्ही चालला, पाहुण्यांना पासवर्ड सांगता आला. झालं. आपल्याकडे घर हॉलपासून सुरू होतं आणि बऱ्याचदा हॉलमध्येच संपतं.

फोनमध्ये सिग्नल मोजायचं फुकटचं ॲप घेतलं आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घराचा नकाशा काढला. हे आकडे डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या मापात असतात आणि उणे असतात, त्यामुळे सुरुवातीला डोकं फिरतं: उणे ४० उत्तम, उणे ८० वाईट. दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते, दहा आकड्यांना दहावा हिस्सा. साधारण उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, पंचाहत्तरच्या खाली गेलं की रडारड. आमच्या हॉलमध्ये उणे ४२ होतं. निळ्या स्टुलावर ५१. माझ्या टेबलावर ६३. बापूंच्या दारात ७१. आणि पलंगावर, उशीपाशी, ७९. ४२ ते ७९ म्हणजे किती, याचा हिशोब केला तर पाच हजार पट कमी. पडद्यावर मात्र फोन तिथेही एक बारीकशी काडी दाखवत होता, जणू काही आहे अजून.

आमचा राउटर दोन पट्ट्यांवर चालतो, आणि हे आकडे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा तर बापूंच्या खोलीत दिसतच नव्हता. लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीत जास्त जिरते, म्हणून पाचवाला हॉलमध्ये घोड्यासारखा पळतो आणि दुसऱ्या भिंतीपाशी बसतो. २.४ वाला हळू पण चिवट. त्याची अडचण वेगळी, गर्दीची. हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना खुला आहे, सार्वजनिक पाणवठाच. आमच्या पॅसेजमध्ये उभं राहून मोजलं तर तेवीस नेटवर्कं. एकाचं नाव 'केळीवाले', एकाचं 'जय खान्देश', एकाचं 'पासवर्ड विचारू नये'. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तेवीस घरं आणि तीन रस्ते. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात काम करतो. त्यात कोणी वरण गरम करायला ठेवलं की दोन मिनिटं आणखी भर.

नकाशा काढताना मला एक चोर सापडला. कूलर.

जळगाव-भुसावळचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना कूलर ही वस्तू कळणार नाही. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पंखा गरम हवा अंगावर फेकतो, आणि दिवसभर एसी लावायचा तर लाईटबिल बघवत नाही. होळी झाली की आमचा पत्र्याचा जुना कूलर माळ्यावरून उतरतो. नवं गवत लागतं, पंपाचा गाळ निघतो, आणि स्वारी बाल्कनीच्या दारात उभी राहते, पोटात सत्तर-ऐंशी लिटर पाणी घेऊन. नकाशावर मी राउटरच्या कोपऱ्यापासून बापूंच्या उशीपर्यंत पट्टीने रेघ ओढली. ती नेमकी कूलरच्या पोटातून जात होती. पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो, पाणी त्या पिऊन टाकतं, आणि ओलं गवत म्हणजे पुन्हा पाणीच. फिशटँकच्या मागे राउटर ठेवू नये म्हणतात. आम्ही फिशटँकाच्या चौपट पाणी लोखंडात बंद करून त्याच्या पुढ्यात उभं केलं होतं. वर म्हणत होतो, उन्हाळ्यात नेट काय माहीत का स्लो होतं, वायरी तापत असतील.

कूलर हातभर सरकवला, राउटर टीव्हीमागून काढून उंच फळीवर ठेवला, दोन्ही अँटेना सरळ उभ्या केल्या. उभ्या अँटेनाची रेंज मेदूवड्यासारखी आडवी पसरते, टोकाच्या दिशेने फारच कमी जाते; आमची एक अँटेना इतके दिवस बापूंच्या खोलीवर बंदूक रोखावी तशी आडवी रोखलेली होती. एवढं केल्यावर उशीपाशी ७३ झाले. एक रुपया खर्च नाही. मला वाटतं ज्यांचा फ्लॅट लहान आहे त्यांनी इथेच थांबावं आणि उरलेल्या पैशांचा आमरस करावा.

आमचं मात्र त्र्याहत्तरवर अडलं. कारण बापूंच्या खोलीत दाराच्या बाजूच्या भिंतीला टेकून सासूबाईंचं लोखंडी कपाट आहे. पूर्ण उंचीचं, दाराला आरसा. आरशामागचा मुलामा आणि लोखंड, दोन्ही रेंजचे वैरी. ते समोरच्या भिंतीला नेलं असतं तर आणखी तीन-चार आकडे मिळाले असते. मी तसं म्हणून पाहिलं. बापू कपाटाकडे बघून म्हणाले, "तठेच ऱ्हाऊ दे." सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. कपाटाच्या आरशावर अजून त्यांच्या टिकल्या चिकटवलेल्या आहेत, खालच्या कोपऱ्यात, ओळीने. नकाशावर कपाट होतं तिथे मी पेनाने पक्की चौकट काढली. काही भिंती बिल्डर बांधतो, काही नंतर होतात.

मधल्या काळात नवऱ्याने मला न विचारता एक एक्स्टेंडर आणला, भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा. तो त्याने अर्थातच बापूंच्या खोलीत लावला, कारण रेंज तिथे नव्हती. लावताच फोनवर काड्या फुल्ल. पेढे वाटायचे बाकी राहिले. आणि कॉल लावला तर झोका पुन्हा हवेत. झालं असं होतं, की फोनला रेंज दिसत होती ती एक्स्टेंडरपर्यंतची. एक्स्टेंडरला स्वतःला मागून काय मिळतंय? तेच त्र्याहत्तर. शिवाय स्वस्तातला एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणजे मिळालेल्यातला साधारण अर्धा वेग तो स्वतःच खातो. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावावा, जिथे अजून चांगली रेंज आहे. आमची अर्धी वाट म्हणजे बाथरूमची भिंत.

बापू हे सगळं पलंगावर बसून पाहत होते. तोपर्यंत त्यांनी एकदाही तोंड घातलं नव्हतं. आता विचारलं, "काय शे ते?" मी सांगितलं, की हे लांबची रेंज घेऊन पुढे ढकलतं. ते हसले. "जठे पानीच नही, तठे मोटर लाईसन काय व्हई?"

मी नगरकडची. लग्न होऊन आले तेव्हा अहिराणी मला अर्धीच कळायची. नळाला पाणी आलं का हे 'पानी उनं का' असं विचारतात तेव्हा मला वाटायचं, पाण्याचं आणि उन्हाचं काय? आता कळते, आणि हेही कळतं, की बापू अहिराणीत बोलतात तेव्हा ते विषयात शिरलेले असतात. चोपडा तालुक्यात तापीकाठी त्यांची केळी होती, अजूनही आहे, आता बटाईने. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांनी ठिबक केलं. तो सगळा इतिहास त्यांनी मला त्या दुपारी सांगितला, कॅलेंडरच्या त्याच कागदावर, माझ्या आकड्यांच्या शेजारी रेघा ओढत.

विहिरीवर मोटर. मोटरपासून फिल्टर, फिल्टरपासून मेन लाईन. मेनवरून सबमेन, सबमेनवर ओळीने नळ्या, म्हणजे लॅटरल, आणि लॅटरलवर झाडाझाडाला ड्रिपर. पहिल्या वर्षी पाईप वाचवायला म्हणून त्यांनी सबमेन शेताच्या एकाच कडेने नेली आणि तिथून लांबच लांब नळ्या सोडल्या. नळी जितकी लांब तितका दाब कमी होत जातो. पहिली झाडं चिखलात, शेवटची कोरडी. बांधावरून शेत हिरवंगार दिसायचं, कारण बांधावरचा माणूस पहिलीच झाडं बघतो. घड उतरायला लागले तेव्हा कळलं. मग कुणीतरी सांगितलं मोठी मोटर बसवा. बसवली. दाब वाढला तसे जवळच्या नळ्यांचे जॉइंट निसटायला लागले, पाण्याचे कारंजे उडाले, आणि शेवटची झाडं होती तशीच. "मोटर मोठी करीसन काय व्हई? सबमेन मधमां लई जानी पडी." सबमेन शेताच्या मध्यावर न्यावी लागली, नळ्या निम्म्या लांबीच्या झाल्या, जुनी मोटरच पुरली.

"शेवटना झाडले पानी पोचस का, ते पहिले देख," ते म्हणाले. झाडले म्हणजे झाडाला. "पहिलं झाड ते पोसासच." पहिलं झाड काय, पोसतंच.

ठिबक आणि वायफाय एक नाही, हे मला कळतं. पाणी एका दिशेने जातं; ड्रिपरला मोटरकडे परत काही कळवायचं नसतं. फोनला कळवावं लागतं, आणि त्याची ताकद राउटरपेक्षा कमी असते, बॅटरीवर जगणारा जीव. म्हणून तर सहा अँटेनाचा कोळी आणून भागत नाही. राउटर ओरडेल, बापूंच्या फोनला ते ऐकूही येईल, पण फोनचं उत्तर तीन भिंती आणि एक कपाट ओलांडून जायचं कसं? तरीही सबमेनचं पटलं. रेंज ढकलायची नाही. तारेने नेटच खोलीपर्यंत न्यायचं आणि तिथे उघडायचं.

माळ्यावर आधीच्या जोडणीचा जुना राउटर धूळ खात पडला होता. गोलाणी मार्केटमधून पंचवीस मीटर कॅट-सिक्स केबल आणली, केबलच्या टोकाला लावायचे मूठभर आरजे-४५ कनेक्टर, ते दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल आणि तार तपासायचा छोटा टेस्टर. लॅनच्या तांब्याच्या तारेला शंभर मीटरपर्यंत काही होत नाही, आम्हाला वीसही पुरणार होते. प्रश्न होता तार न्यायची कुठून. भिंतीवरून पांढरी पट्टी मारणं सोपं होतं, पण आमच्या जुन्या फ्लॅटने एक उपकार केला. तो बांधला तेव्हा लँडलाईन असायची. हॉलमध्ये आणि मोठ्या बेडरूममध्ये टेलिफोनचे पॉइंट होते, आणि भिंतीतल्या पाईपमधून त्यांना जोडणारी तार अजून आत होती. दोन्हीकडची झाकणं उघडली. जुन्या तारेच्या टोकाला नवी केबल चिकटपट्टीने घट्ट गुंडाळली, पावडर लावली, आणि तिकडून नवऱ्याने जुनी तार ओढायची, इकडून मी केबल आत द्यायची. विजेच्या वायरच्या पाईपमधून लॅन नेऊ नये. तो पाईप वेगळा आहे एवढी खात्री आधी करून घेतली होती. कनेक्टर आधी लावायचा नाही, तो पाईपमधून जात नाही, हे मात्र एक कनेक्टर वाया घालवून शिकलो. पॅसेजच्या वळणावर केबल अडकली. बापू भिंतीला कान लावून उभे. "उनी, उनी... थांबनी." मागे घेतली, पुन्हा दिली. चौथ्या खेपेला टेलिफोनच्या डबीतून निळं टोक बाहेर आलं, पावडरने पांढरं झालेलं.

क्रिम्पिंग मी केलं. केबलचं वरचं साल इंचभर सोललं की आत पिळलेल्या चार जोड्या असतात. पीळ उगाच नसतो, बाहेरचा गोंगाट तो आपसात मारतो, म्हणून लागेल तेवढाच उलगडायचा. मग आठ तारा बोटांनी सरळ करून ओळीत: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मधला तो निळा हिरव्याच्या जोडीत घुसतो तिथे सगळे चुकतात. टोकं एका रेषेत कापायची, कनेक्टरची खुंटी खाली धरून आत सरकवायची, समोरून तांब्याचे आठ ठिपके दिसेपर्यंत, आणि टूल दाबायचं. कट्. बापूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला होता आणि रंग माझ्याबरोबर म्हणत होते.

टेस्टर लावला. दिवे एकेक करून पेटत गेले: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात पेटला नाही. आठ पेटला.

मी म्हटलं, चालेल. आणि ते खोटं नव्हतं. शंभरच्या वेगाला चारच तारा लागतात, पहिली, दुसरी, तिसरी, सहावी. आठही लागतात त्या हजारच्या वेगाला, आणि आमच्या जुन्या राउटरचे पोर्टच शंभरचे होते. मी हे सगळं बापूंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एक ड्रिपर बंद शे," ते म्हणाले. "परत कर."

परत केलं. सातवा पेटला. ते तेवढ्यावर थांबले नाहीत, दुसऱ्या टोकालाही जाऊन आठ दिवे मोजून आले.

बाकीचं काम बसल्या जागचं. जुन्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे त्याने तारेने आलेलं नेट फक्त वायफायवर पसरवायचं. ज्यात तसा मोड नसतो त्यात डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम, बंद करून, मोकळा पत्ता देऊन, केबल लॅनच्या भोकात लावावी लागते. नाहीतर घरात दोन पोस्टमन होतात आणि दोघंही आपापले घरनंबर वाटत सुटतात. दोन्हींना नाव आणि पासवर्ड एकच दिला, चॅनेल वेगळे, हॉलचा १ आणि आतला ११. पहिले दोन दिवस बापूंचा फोन हॉलमधल्या राउटरला सोडायलाच तयार नव्हता. पलंगावर बसून जवळचं सोडून लांबच्यालाच धरून ठेवायचा. फोन असे चिकट असतात. हॉलच्या राउटरची २.४ ची ताकद सेटिंगमध्ये कमी केली तेव्हा कुठे त्याने हात सोडला. आणि लाईट गेली की आतला राउटर बंद पडायचा, कारण बॅटरीचा डबा हॉलच्याच राउटरला होता. मग तिथेही बाराशेचा एक लावला. आमच्या भागात लाईट जाते हे वेगळं सांगायला नको.

हा आतला राउटर दाराच्या वरच्या फळीवर बसवला, कपाटाच्या अलीकडे नाही, पलीकडे. उशीपाशी उणे ४४. स्पीड ९१.

संध्याकाळी सातला बापूंच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. माझी मीटिंग सुरू झाली, चालली, संपली, एकदाही कुणी म्हणालं नाही की तुझा आवाज तुटतोय. बाहेर आले तर घर शांत. एवढं शांत, की मला काहीतरी चुकल्यासारखं झालं. आतून बापूंचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. इतके दिवस ते स्टुलावरून ओरडायचे तेव्हा सुरतेची खडान्‌खडा बातमी मला फुकट मिळायची: जावईबापूंच्या मिलमधलं काम, नातीचे मार्क, उधन्याला पाणी कसं येतं, शेजारणीशी काय झालं. आता ते हळू बोलत होते. हळू बोलता येत होतं.

जेवताना मी विचारलं, "काय म्हणतात ताई?"

"काय म्हनी," बापू म्हणाले. "बठ्ठं बेस शे." सगळं छान आहे. आणि भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावला. यापुढे बातम्या मला स्वतः फोन करूनच मिळवाव्या लागणार हे मी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीत धुतलेले कपडे ठेवायला गेले तर राउटर दिसेना. फळीवर काहीतरी पांढरं होतं. सासूबाई क्रोशाचे रुमाल विणायच्या, टीव्हीवर, फ्रिजवर, मिक्सरवर घालायला. त्यातला एक कपाटातून काढून बापूंनी राउटरवर घातला होता, चारी टोकं सारखी लोंबतील असा. "धूळ बसस ना," ते म्हणाले.

कापडाने रेंज अडत नाही. पण राउटरला श्वास घ्यायला वर बारीक फटी असतात, आणि मे महिन्यात जळगावात मुळातच घरातली हवा अंगाला चटका देते. मी रुमाल उचलला, घडी न घालता राउटरच्या खाली अंथरला, टोकं फळीवरून खाली सोडली. छान दिसत होतं. बापूंनी बघितलं, मान हलवली.

सकाळी पाहिलं तर रुमाल पुन्हा वर. मी पुन्हा खाली घातला. हे आता रोजचंच झालंय.